तुझ्या नावावर गेलेलं पान

मुरली,

पांझरेच्या काठी तुला पोचवून मी जळगावला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी मेल आली. विषयाच्या ओळीत आपल्या अहिराणीतले नेहमीचेच शब्द : 'बठ्ठं ठीक शे.' सगळं ठीक आहे.

मी ती उघडली. वेबसाइटच्या पानांची यादी होती आणि प्रत्येक पानासमोर बरोबरची खूण. मी चष्मा पुसला, चहा प्यालो, कप विसळला. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं चाललंय. तेराव्याला जेवलो, लोकांशी बोललो, बसमध्ये पारोळ्यापर्यंत झोपही लागली. त्या सगळ्या दिवसांत तुझी मेल रोज येत राहिली. बठ्ठं ठीक शे.

धुळ्याला देवपुरातल्या तुझ्या घरी खिडकीखाली तो जुना संगणक आहे. तो रोज सकाळी आपोआप आपल्या वेबसाइटच्या एकेका पानावर जातो, प्रत्येक दुवा दाबून बघतो आणि मला कळवतो. हे सगळं तू लिहून ठेवलंस. ठीक असेल तर काय लिहायचं, बिघडलं असेल तर काय लिहायचं, तेही तूच ठरवलंस. बिघडलं की विषयाच्या ओळीत यायचं, 'दिगू, आठे पाय.' दिगू, इथे बघ. तू गेलास हे त्या यंत्राला कुणी सांगितलेलं नाही.

ही कसली वेबसाइट, हे आपल्या ओळखीच्या बहुतेकांना शेवटपर्यंत कळलं नाही. तू धुळ्यात गणिताचा मास्तर, मी जळगावला तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवणारा. निवृत्तीनंतर हे दोन म्हातारे रोज फोनवर कशावरून भांडतात, असं लोक विचारायचे. एकदा सुमनवहिनींनीच विचारलं, तेव्हा तू भाकरी मोडता मोडता म्हणालास, "लोके कुरकुर करतस ना, ती कुरकुर नीट रांगमा उभी करानं यंत्र शे. आम्ही त्या यंत्रना दुकाननी पाटी रंगाडतस."

वहिनी म्हणाल्या, "आनि पगार?"

"पगार नई. पन लोके शिव्या फुकट देतस."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. कुठल्याही कामात चुका निघतात, तक्रारी येतात. त्या एका जागी नोंदवायच्या, कोण बघणार ते ठरवायचं आणि सुटेपर्यंत नोंद उघडी ठेवायची, यासाठीचं ते सॉफ्टवेअर. जगात कुणीही फुकट घ्यावं, उघडून बघावं, सुधारावं. करणारे देशोदेशीचे. तुझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बिघडलेल्या कीबोर्डांच्या तक्रारी ठेवायला तू ते घेतलंस. वेबसाइटवरच्या सूचना चुकीच्या निघाल्या, म्हणून तू त्या लोकांना कळवलंस. त्यांनी उत्तर दिलं, तुम्हीच दुरुस्त करा. दुसरा कुणी गप्प बसला असता. तू खरंच दुरुस्त केल्यास. मग पुढचं पान, मग त्याच्या पुढचं, असं करत ती सगळी वेबसाइटच तुझ्या गळ्यात पडली.

मी त्यात कसा आलो, ते आज आधी लिहायला हवं. माझी कुसुम गेली त्यानंतर मी मेहरूणच्या तलावावर जाऊन बसायचो. सकाळी जायचो, ऊन तापलं की उठायचो. मुलं परगावी. तू भेटायला आलास, माझ्याजवळ बसलास आणि कुसुमविषयी एक अक्षरही बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी फोन केलास, "दिगू, एक पान पाठवलंय. माझं इंग्रजी कच्चं आहे, तपासून दे." तुझं इंग्रजी कच्चं नव्हतं. तरी रोज एक पान येऊ लागलं. पान आलं की मला खुर्चीत बसावं लागे, म्हणून अंघोळ करावी लागे, म्हणून काही खावं लागे. असं तू मला उठवलंस. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. तू उपकार केले नाहीस आणि मी आभार मानले नाहीत. आपल्याकडे तशीच रीत.

तुझा एक नियम होता. एकाने लिहायचं, दुसऱ्याने बघायचं, मगच पान बाहेर सोडायचं. चार डोळे. एक स्वल्पविराम बदलला तरी चार डोळे. मी वैतागायचो. तू म्हणायचास, "तुम्ही यावलकडचे केळीवाले. कच्चाच घड कापायचा आणि ट्रकमध्ये भरायचा, पिकेल तो दिल्लीत पिकेल. माझ्या पानावर तसं चालायचं नाही."

"तुमच्या साक्रीच्या बाजरीसारखं प्रत्येक कणीस दाताखाली दाबून बघत बसलो, तर दिवाळी येईल."

"येऊ दे ना. दिवाळीले काय काम शे तुले?"

मग तो दिवस. मी धुळ्याला तुझ्याकडे आलो होतो. वहिनींनी भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्याच दिवशी निघाली आणि वेबसाइटवरचं ती उतरवून घेण्याचं पान बदलायचं होतं. तू पाहुण्यांना स्टँडवर सोडायला गेला होतास. जाताना म्हणालास, "दिगू, लिहून ठेव. मी येऊन बघतो, मग सोडू."

मी तुझ्याच संगणकावर बसून लिहिलं. तुझं खातं उघडंच होतं. आपण कधी बंद करायचो? तुझ्या घरी मी तुझ्या खात्यावर बसायचो, माझ्या घरी तू माझ्या. बाहेरच्यांना हे ऐकून नवल वाटेल. आपल्याला ते एका ताटात जेवल्यासारखं वाटायचं. एकच पत्र्याची पेटी वापरत एका खोलीत नोकरीची पहिली वर्षं काढलेली माणसं आपण.

तुला उशीर होत होता. मला जळगावची बस पकडायची होती. आता खरं लिहितो : बसची एवढी घाई नव्हती, बसगाड्या पुष्कळ होत्या. तू येऊन चष्मा वर करणार, पान वरपासून खालपर्यंत वाचणार आणि एक तरी चूक काढणार, हे मला नको होतं. मी पान सोडून दिलं. वहिनी भाकरी घेऊन आल्या तेव्हा मी 'झालं' असं म्हटल्याचं आठवतं. तू आलास तेव्हा मी हात धूत होतो. तू विचारलंस, "झालं का लिहून?" मी म्हणालो, "सोडलं पण." तू माझ्याकडे बघितलंस, मग ताटाकडे बघितलंस आणि म्हणालास, "जेव."

पानावरच्या मोठ्या बटणाखाली मी पक्क्या आवृत्तीऐवजी चाचणीच्या आवृत्तीचा दुवा दिला होता. दोन्हींची नावं एकसारखी दिसतात. तुझे डोळे असते तर सापडलं असतं. जगभरातल्या लोकांनी ती अर्धवट आवृत्ती पक्की समजून घेतली, आपल्या चालत्या कामावर चढवली आणि कितीतरी जणांच्या नोंदी एकमेकींत मिसळल्या. काहींच्या गेल्या. या लोकांची एक सार्वजनिक चर्चा चालते, सगळ्यांना सगळं दिसतं. तिथे शिव्या सुरू झाल्या. हा बदल कुणी केला, ते बघायला वेळ लागत नाही. प्रत्येक बदलावर करणाऱ्याचं नाव असतं. तुझं होतं.

तुझा फोन आला. "दिगू, पाहिलं का?"

"पाहिलं."

"मग?"

मी म्हणालो, "आधी पान पूर्वीसारखं करू. बाकी मग बघू."

आपण पान नीट केलं. तू सांगत गेलास, मी माझ्या खात्यावरून केलं. म्हणून दुरुस्तीवर माझं नाव पडलं. संध्याकाळी तिथे तुझं एक वाक्य आलं : बदल माझ्या खात्यावरून गेला, जबाबदारी माझी. ते मी वाचलं. त्याच्याखाली एक ओळ लिहायची होती. लिहायला घेतली आणि ठरवलं, उद्या लिहू. दुसऱ्या दिवशी त्या लोकांनी कळवलं, तातडीने पान सावरल्याबद्दल दिगंबररावांचे आभार, यापुढे वेबसाइट त्यांच्याकडे राहील, आणि तुझा पान सोडण्याचा अधिकार काढून घेण्यात येत आहे. मुख्य पानावर माझं नाव आलं, फोटो मागितला, मी पाठवला. त्यानंतर ती ओळ लिहिणं दर दिवशी जड होत गेलं.

मी भित्रा होतो म्हणून गप्प बसलो, असं लिहिलं तर तेही खोटं होईल. मला बरं वाटलं होतं. आयुष्यभर विभागात मी दुसरा होतो. ज्या कामात तू मला बोट धरून आणलंस, त्यातही दुसराच होतो. एकदा पहिला झालो आणि मला ते सोडवेना.

तू भांडला असतास तर माझी सुटका झाली असती. तू भांडला नाहीस. महिन्याभराने बाहेरच्या कुणाही माणसाने करावी तशी तू रीतसर तक्रार नोंदवलीस : अमुक पानावरचं चित्र दिसत नाही. खाली तुझं पूर्ण नाव, जणू मी तुला ओळखत नाही. मी चित्र लावलं आणि नोंद बंद केली. मग पुढची आली. तुझ्या हातात काही उरलं नव्हतं, तर तू गिऱ्हाईक म्हणून दारात उभा राहिलास आणि रोज सांगत राहिलास, पाटीचा रंग उडालाय. पुढे तुझे डोळे अधू झाले, मोतीबिंदू काढावा लागला, तेव्हा तू ते यंत्र लिहिलंस. त्याची मेल फक्त मला यायची. चारचौघांत चूक दाखवायची नाही, म्हणून.

एक भांडण मात्र तू सोडलं नाहीस. मी वेबसाइट नव्याने मांडली आणि जुन्या आवृत्त्यांच्या मदतीची पानं काढून टाकली. तू नोंद उघडलीस : ती पानं परत ठेवा. मी लिहिलं, 'होणार नाही', आणि बंद केली. तू पुन्हा उघडलीस. फोनवर म्हणालास, "कुठल्या तरी गावच्या ऑफिसात जुनीच आवृत्ती चालू असेल. नवी चढवायला त्याच्याकडे माणूस नाही. तो रात्र पडायच्या आत काम उरकायचं म्हणून घाबराघुबरा तुझ्या दारात येईल आणि तू पाटी लावलीस, घर हलवलंय."

"मुरली, जुनं किती वर्षं सांभाळायचं?"

"शेवटचा माणूस येईपर्यंत."

या बाबतीत मला अजूनही तुझं पटत नाही. जुनी पानं ठेवली की लोक जुन्यातच राहतात. हे तू समोर असताना धड मांडायचं राहून गेलं. कारण तुझ्याशी वाद करताना दुसऱ्या वाक्यालाच मला त्या दिवसाची भाकरी आठवायची आणि मी विषय बदलायचो. आपलं एक चांगलं भांडण मी त्यामुळे घालवलं.

आणि आता ते सभागृह. माझ्या जुन्या कॉलेजात मुलांपुढे भाषण होतं. फुकट सॉफ्टवेअर, त्यातली शिस्त, असा विषय. मुलं कंटाळली होती, म्हणून मी एक किस्सा सांगितला. "माझा एक मित्र आहे, गणिताचा मास्तर. वय झालं, पण उत्साह जात नाही. त्याने एकदा कच्ची आवृत्ती पक्की म्हणून साऱ्या जगाला वाटली!" मुलं हसली. मला हशा मिळाला म्हणून मी थोडं आणखी रंगवलं. चष्मा कपाळावर आणि माणूस चष्मा शोधतोय, अशी नक्कल केली.

कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतून तू आलास. मला सांगितलं नव्हतंस. धुळ्याहून बसने आला होतास, हातात वहिनींनी दिलेली शेवेची पिशवी होती. मी काय बोललो आठवत नाही. तू पिशवी दिलीस आणि म्हणालास, "बरा बोललास. फक्त कच्ची आवृत्ती म्हणू नको, चाचणीची म्हण. मुलं गोंधळतात." मग आपण चहा घेतला. तू बिस्किट बुडवून खाल्लंस. मी तुला स्टँडपर्यंत सोडायला आलो आणि रस्ताभर तू एरंडोलजवळच्या रस्त्याच्या कामाबद्दल बोलत होतास. बस हलली तेव्हा खिडकीतून हात केलास.

मला वाटत होतं, तू कधीतरी विचारशील. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, अशी मी माझी समजूत घातली होती. मग तुझ्या मुलाचा फोन आला.

तेराव्यानंतर वहिनी मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. म्हणाल्या, "भाऊ, हाई डबडं बंद करी टाकू का? रोज सकायले आपेआप घरघर करस. माले वाटस, ह्याच बठेल शेतस."

खुर्चीत तूच बसलायस, असं त्यांना वाटायचं. मी म्हणालो, "थोडे दिवस राहू द्या." आणि मग त्यांच्यासमोर, तुझ्याच खुर्चीत बसून, सगळं सांगितलं. बटण, दुवा, तुझं नाव, सभागृह. त्या उभ्याच होत्या. पदराने संगणकावरची धूळ पुसत होत्या.

माझं संपल्यावर म्हणाल्या, "माले ठाऊक शे."

मी विचारलं, "कसं?"

"मी भाकर लई उनू तवय तुम्हीच बठेल व्हतात आठे. ह्या तं स्टँडवर गयथात. मी त्यास्ले म्हनं, सांगी द्या ना लोकेस्ले, तुम्ही कसाले ऐकी लेतस? तं म्हनेत, 'दिगूच सांगी. त्याले टाइम लागस, पन सांगी.'"

मग त्यांनी विचारलं, "चहा मांडू का?" मी हो म्हणालो. चहात साखर होती की नव्हती, सांगता येणार नाही.

मी स्वतःहून सांगेन म्हणून तू वाट बघत होतास, हे मला कळायला हवं होतं. रोज सकाळी तुझी मेल येत होती. एवढी वर्षं मी तिला नुसती कटकट समजत आलो.

परत आल्यावर मी त्या लोकांसाठी वेबसाइटवर इंग्रजीत एक पान लिहिलं. बदलांचा इतिहास पुसता येत नाही, त्या जुन्या बदलावर तुझं नाव कायमचं राहणार. खाली टिपण जोडता येतं, एवढंच. मी लिहिलं की ते पान मी लिहिलं, मी सोडलं, खातं त्याचं होतं आणि हात माझे होते. त्याने मला थांबायला सांगितलं होतं. मुख्य पानावरचं माझं नाव मी काढलं आणि वेबसाइट सांभाळणाऱ्यांच्या यादीत तुझं नाव पूर्वी होतं तिथे, पहिलं, ठेवलं. तिकडच्या लोकांची उत्तरं सभ्य आहेत. एका मुलीने लिहिलंय, मी नवी होते तेव्हा माझी पहिली चूक मुरलींनी फक्त मलाच मेल करून दाखवली होती. ते मी दोनदा वाचलं.

हे मराठीत लिहितोय ते त्या सभागृहात हसलेल्यांसाठी. त्यातले कितीतरी आता नोकऱ्यांत आहेत, कदाचित तो किस्सा पुढे सांगतही असतील. सांगू नका. तो माणूस चष्मा शोधत नव्हता. आणि मराठीत लिहितोय ते आणखी एका कारणाने : तुझ्याशी मी इंग्रजीत कधी भांडलो नाही.

ते इंग्रजी पान सोडताना बघायला दुसरे डोळे नव्हते. मी एकट्यानेच वाचलं आणि सोडलं.

आज सकाळी उठलो, दात घासले, संगणक लावला. तुझी मेल आलेली होती. विषयाच्या ओळीत होतं, 'दिगू, आठे पाय.'

खाली माझ्या त्या नव्या पानाचा पत्ता होता. त्यात मी जुन्या बदलाकडे जाणारा जो दुवा दिला होता, तो चुकला होता. शेवटचं एक अक्षर गळलं होतं. ज्याला ताडून पाहायचं असेल, तो खऱ्या नोंदीपर्यंत पोचलाच नसता.

चहा न घेता बसलो आणि ते अक्षर घातलं. सोडण्याआधी पान वरपासून खालपर्यंत वाचलं, तू वाचायचास तसं, बोट लावून. मग तुझ्या मेलला उत्तर लिहिलं. एवढ्या वर्षांत तिला कधी उत्तर दिलं नव्हतं. यंत्राने पाठवलेल्या मेलला कोण उत्तर देतं?

लिहिलं, 'पाहिलं. चूक माझी होती.'

आणि पाठवून दिलं.